लष्करी ट्रक ओळखायचा तो खालून

कोल्हापुरात तावडे हॉटेलपाशी हायवेच्या कडेला थांबलात, तर पुण्याकडून बेळगावला निघालेला लष्कराचा ताफा कधी ना कधी दिसतोच. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर, इथं टेंबलाईवाडीला १०९ टेरिटोरियल आर्मीची बटालियन, शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव. आपल्या संस्थानाची राजाराम रायफल्स आज १९ मराठा म्हणून फौजेत आहे. इतकं सगळं असून ताफा गेल्यावर लोक म्हणतात काय, तर "मिलिटरीची गाडी गेली." कुठली गेली, कधीची, कुठल्या रस्त्यासाठी बनवलेली, हे कुणी बघत नाही. ते कसं बघायचं, हे मी इथं लिहितोय.

मी ईएमईत, म्हणजे लष्कराच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत, व्हेइकल मेकॅनिक होतो. नोकरीतली बरीच वर्षं लडाखला गेली. आता उद्यमनगरात गॅरेज आहे. माझ्याकडची पोरं आधी रंग बघतात, मग तोंड बघतात आणि नाव सांगून मोकळी होतात. "मामा, ही स्टॅलियन न्हवं?" मी म्हणतो, "आधी खाली वाक, मग सांग." रंग कुणालाही देता येतो, कॅबिन बदलता येते. ट्रकचं वय आणि त्याची जात चाकांच्या मधे दिसते.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. लष्करी हद्दीत, गेटसमोर, चालत्या ताफ्याचे फोटो काढू नका आणि ताफा कुठं, किती वाजता, किती गाड्या, हे कुठंही टाकू नका. वही आणि पेन्सिल पुरते. वाकून बघायचं ते प्रदर्शनात मांडलेल्या किंवा लिलावात निघालेल्या गाडीखाली.

नंबरपासून सुरुवात

लष्कराच्या नंबरप्लेटवर वर टोक केलेला एक बाण असतो. बाणानंतरचे दोन आकडे म्हणजे गाडी फौजेत आली ते साल. ०९ दिसलं तर २००९. गाडीचं डिझाइन त्याहून किती तरी जुनं असू शकतं, म्हणून हे साल वहीत वेगळ्या रकान्यात लिहा.

पुढच्या बंपरवर पिवळ्या गोलात काळा आकडा असतो. तो पुलांसाठी. लष्करी मार्गावरच्या पुलालाही असाच आकडा दिलेला असतो. गाडीचा आकडा पुलाच्या आकड्यापेक्षा मोठा असेल, तर ड्रायव्हरनं गाडी पुलावर घालायची नाही. वजनाची पावती, काटा, वाद, काही नाही. दोन आकडे बघायचे आणि ठरवायचं. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी ही पद्धत रुळवली आणि आजही ती चालू आहे. पंचगंगेवरच्या जुन्या शिवाजी पुलाकडं बघताना मला नेहमी वाटतं, उसाच्या गाड्यांनाही असा गोल असता तर फार बरं झालं असतं.

टाटाची गाडी असेल तर मॉडेलचा आकडाच फोडून वाचा. पहिला भाग एकूण वजन टनात, दुसरा भाग ताकद, दहाच्या पटीत. ७१३ म्हणजे सात टन आणि १३० हॉर्सपॉवर. २०३८ म्हणजे वीस टन आणि ३८०. नावातल्या एलपीटी या अक्षरांनंतर ए असेल तर सगळी चाकं ओढणारी. बाजारातल्या १६१३ ला हाच हिशोब लागतो, तिथं सराव करा.

टनांच्या बाबतीत एक घोळ कायम होतो. फौजी माणूस "अडीच टन", "पाच टन" म्हणतो ते रस्ता सोडून, शेतातून, वाळूतून, चढावर नेता येईल तेवढं वजन. पक्क्या रस्त्यावर तीच गाडी जास्त नेते. अशोक लेलँडच्या स्टॅलियन ट्रकला ५/७.५ टन म्हणतात ते यामुळंच. अमेरिकेचा एम-३५ ट्रक कागदावर अडीच टनी, पण डांबरीवर पाच टनांपर्यंत चालायचा. म्हणून दोन देशांच्या गाड्यांची तुलना करताना आधी विचारा, टन रस्त्यावरचे की रानातले?

आता खाली वाका

४×४, ६×६ म्हणजे काय ते पोरांना पहिल्याच दिवशी सांगतो. पहिला आकडा चाकांच्या जागांचा, दुसरा त्यातल्या ओढणाऱ्या जागांचा. मागं जोडटायर असले तरी जागा एकच धरायची. बाजारातला साधा दोन ॲक्सलचा ट्रक ४×२ असतो, त्याचं पुढचं ॲक्सल म्हणजे नुसता दांडा. लष्करी ट्रकच्या पुढच्या ॲक्सललाही मागच्यासारखा डिफ्रन्शियलचा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचा, गोळा दिसला पाहिजे. बहुतेक वेळा तो मधोमध नसतो, एका बाजूला सरकवलेला असतो, कारण वर इंजिनचा संप (खालचं तेलाचं भांडं) आणि बाजूनं येणारा प्रॉपेलर शाफ्ट (ताकद नेणारा दांडा).

मग पुढच्या चाकाच्या मागं बघा. जुन्या ४×४ गाड्यांत तिथं पॉलिश केलेला, ग्रीसनं चकाकणारा लोखंडी गोल दिसतो. चाक वळतं तेव्हा त्या गोलावरून बाहेरची वाटी सरकते आणि आतला जॉइंट वळलेल्या चाकालाही ताकद देत राहतो. वाटीच्या कडेला फेल्टचं सील असतं. ते सील फाटलं की आत चिखल जातो, ग्रीस पातळ होऊन टायरच्या आतल्या बाजूला ओघळतं, आणि थोड्याच दिवसांत वळणावर कटकट असा आवाज यायला लागतो. गाडी पारखायची असेल तर बोट फिरवा. ग्रीस काळं आणि गुळगुळीत लागलं तर ठीक. बोटाला रेती लागली तर जॉइंट खोलावा लागणार.

हे पुढचं ओढणारं ॲक्सल आलं कधी? १९१३ मध्ये अमेरिकेत जेफरी क्वाड निघाली. चारही चाकं ओढणारी, चारही वळणारी, चारहींना ब्रेक. पण पहिल्या महायुद्धातले बहुतेक ट्रक मागच्याच चाकांवर आणि भरीव रबराच्या टायरवर चालले. १९१६ मध्ये फ्रान्सचं व्हर्दन शहर जर्मन हल्ल्यापुढं टिकलं ते बार-ल-द्युकहून जाणाऱ्या एका साध्या रस्त्यावर. ऐन भरात दर चौदा सेकंदांना एक ट्रक तिथून जायचा. रस्त्याच्या कडेला सैनिक फावडी घेऊन उभे असत आणि चालत्या चाकांखाली खडी टाकत राहायचे. ट्रक थांबवायचे नाहीत, रस्ताच दुरुस्त करत राहायचं. रस्ता धरून चालणारा ट्रक युद्धात अर्धाच उपयोगी, हे तिथं कळलं.

दुसऱ्या महायुद्धात त्याचं उत्तर मिळालं ते जीएमसीच्या सीसीकेडब्ल्यू नावाच्या ट्रकनं. ६×६, अडीच टनी, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन. साडेपाच लाखांहून अधिक बनले. पुढं पोलादाची टंचाई झाल्यावर त्याची बॉडी लाकडी झाली, कॅबिनचं छत कापडी झालं. म्हणजे चित्रात किंवा संग्रहालयात लाकडी बॉडीचा आणि कापडी टपाचा दिसला, तर तो युद्धाच्या उत्तरार्धातला धरायला हरकत नाही.

१९४४ मध्ये २५ ऑगस्टपासून १६ नोव्हेंबरपर्यंत फ्रान्समध्ये याच ट्रकांनी रेड बॉल एक्स्प्रेस नावाची रसदवाहतूक चालवली. रेल्वे बॉम्बिंगनं मोडलेली, फौज पुढं पळालेली, मधे फक्त ट्रक. ड्रायव्हरांत सुमारे तीन चतुर्थांश काळे अमेरिकन सैनिक होते. वेगमर्यादा ताशी ४० किलोमीटर, पण ड्रायव्हर कार्बुरेटरवरचा, वेग बांधून ठेवणारा गव्हर्नर काढून टाकत. टायर फाटायचे ते शत्रूच्या गोळीपेक्षा रस्त्यावर फेकलेल्या शिध्याच्या पत्र्याच्या डब्यांनी जास्त. मेकॅनिक म्हणून मला हे वाचून त्या माणसांचा फार आदर वाटतो. रात्रभर गाडी हाकायची आणि पहाटे तीच जॅकवर चढवायची, हे काम कुठल्या पदकात बसत नाही.

टायर

मागं जोडटायर आहेत की एकेरी, हे लिहून घ्या. सीसीकेडब्ल्यूला मागं जोडटायर होते. वजन पेलायला ते चांगले, पण चिखलात पुढचं एक चाक जी चाकोरी पाडतं, त्यात मागची जोडी बसत नाही. तिला स्वतःची नवी चाकोरी पाडावी लागते आणि ताकद त्यात जाते. शिवाय दोन टायरांच्या मधे दगड अडकतो. म्हणून पुढं पुढं लष्करी ट्रक मोठ्या, रुंद, एकेरी टायरकडं वळले.

दुसरा प्रश्न हवेचा. जीएमसीच्याच डीयूकेडब्ल्यू या पाण्यात चालणाऱ्या गाडीत ड्रायव्हरला बसल्या जागेवरून टायरची हवा कमी-जास्त करता यायची. रस्त्यावर टणक, समुद्रकाठच्या वाळूत मऊ. सोवियत रशियानं ही कल्पना उचलून झिल-१५७ ट्रकला लावली आणि हवेची वाट चाकाच्या हबमधूनच नेली. हबच्या मधे फिरता जॉइंट आणि तिथून निघून टायरच्या व्हॉल्व्हकडं जाणारी छोटी नळी दिसली, तर गाडीत ही सोय आहे असं समजा.

पावसाळ्यात ज्यानं उसाच्या फडातून ट्रॉली बाहेर काढलीय, त्याला याचं महत्त्व सांगायला नको. टायरची हवा उतरवली की जमिनीला टेकणारा भाग लांब होतो, दाब पसरतो. मात्र डांबरीवर आल्यावर हवा परत भरली नाही, तर टायरची भिंत तापून फुटते. ज्यांच्याकडं कॅबिनमधून हवा भरायची सोय नाही, त्यांनी कॉम्प्रेसर जवळ असल्याशिवाय हवा सोडू नये.

एकाच ट्रकवर सगळी वाटचाल बघायची असेल, तर एम-३५ घ्या. १९५० च्या सुमाराला तो आला पेट्रोल इंजिन घेऊन. एम-३५ए२ ला मल्टिफ्युएल इंजिन बसलं, डिझेल नसलं तर दुसऱ्या इंधनावरही चालणारं. नव्वदच्या दशकात एम-३५ए३ झाला तेव्हा कॅटरपिलरचं डिझेल, ऑटोमॅटिक गिअर, मागं एकेरी टायर आणि कॅबिनमधून हवा. चेहरा जवळपास तोच. वरून बघणारा फसेल, खालून बघणारा नाही.

नाकाड की सपाट तोंड

१९४७ नंतर आपल्या फौजेकडं महायुद्धातल्याच गाड्या होत्या. त्यात कॅनडाहून आलेले फोर्ड आणि शेवरोले ट्रक, उजव्या हाताला स्टिअरिंग असलेले. या घराण्याचे चार लाखांहून अधिक ट्रक बनले होते. त्यांची ओळख सोपी आहे. नाक आखूड, आणि नंतरच्या कॅबिनची समोरची काच वरच्या बाजूनं पुढं झुकलेली. काचेवरची चमक वरून उडणाऱ्या विमानाला दिसू नये म्हणून ती तशी.

मग शक्तिमान. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून जबलपूरला बनायला लागला, तो १९९६ पर्यंत. गोल मडगार्ड, पुढं बॉनेट, ४×४. माझ्या वयाच्या मेकॅनिकांचे हात त्याच्यावरच घडले. बॉनेट उघडलं की मडगार्डवर बसून पंपापर्यंत हात जायचा. त्याच जबलपूरमधून निस्सानच्या डिझाइनवरचा वनटन आणि छोटी जोंगा निघायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला अशोक लेलँडची स्टॅलियन आणि टाटाची एलपीटीए ७१३ यांनी जागा घेतली.

स्टॅलियनचं तोंड सपाट, ड्रायव्हर इंजिनवर बसलेला. त्याचा फायदा असा की तेवढ्याच लांबीत माल जास्त बसतो, घाटातल्या वळणाला गाडी कमी जागेत वळते, आणि रेल्वेच्या वाघिणीवर चढवताना जागा वाचते. तोटा असा की सुरुंग पुढच्या चाकाखाली फुटला तर ड्रायव्हर नेमका त्याच्याच वर. नाकाड ट्रकमध्ये मधे इंजिनचं लोखंड असतं. माझं मत विचाराल तर डोंगरात सपाट तोंड, सुरुंगाच्या मुलखात नाक. एकच गाडी दोन्हीकडं सारखी चांगली, असं म्हणणाऱ्यानं दोन्हीकडं काम केलेलं नसतं.

इंजिन आणि उंची

पेट्रोलकडून डिझेलकडं सगळ्याच फौजा गेल्या. डिझेल सहज पेट घेत नाही, तेवढ्याच टाकीत लांब जातं. शक्तिमान पहिल्यापासून डिझेल होता, याचा मला अभिमान आहे. अमेरिकेचा अडीच टनी तेव्हा पेट्रोलवरच होता.

पण शक्तिमानला टर्बो नव्हता. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. इंजिन प्रत्येक श्वासाला निम्मीच हवा ओढणार, पंप मात्र डिझेल पूर्वीइतकंच देणार. मग ते पुरतं जळत नाही. वर चढताना मागून काळा धूर येतो, ताकद उतरते, पाणी तापतं. ड्रायव्हर लो गिअर टाकून माणसाच्या चालीनं गाडी चढवायचा. स्टॅलियनचं हिनो घराण्याचं सहा सिलिंडरचं इंजिन टर्बोवालं. टर्बो बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर पातळ हवा दाबून आत घालतो. आमच्या वर्कशॉपात हा फरक कानाला कळायचा. चढ संपेपर्यंत शक्तिमान कण्हायचा, स्टॅलियनची बारीक शीळ यायची.

थंडी हा आणखी एक शत्रू. डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टरमध्ये चिकटून बसतं. इंजिनला स्टार्टर फिरवतो, पण तेल पोचतच नाही. रात्री रेडिएटरचं पाणी काढून ठेवायचं, सकाळी गरम पाणी ओतायचं, गाडी उतारावर लावून ठेवायची, संपला खालून शेक द्यायचा, हे सगळं आम्ही केलेलं आहे. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं, तेव्हा ती बातमी मी पुन्हा पुन्हा वाचली.

टात्रा दिसली तर तिच्याखाली जरूर डोकवा. बीईएमएल या सरकारी कंपनीनं १९८६ पासून या चेकोस्लोव्हाकियाच्या गाड्या आपल्याकडं आणल्या. पिनाक रॉकेटची गाडी तीच. तिला नेहमीसारखं दोन लांब लोखंडी दांड्यांचं चेसिस नसतं. मधोमध एक जाड नळी असते, ताकद नेणारा शाफ्ट त्या नळीच्या आत, आणि बाजूंना अर्धी अर्धी ॲक्सलं स्वतंत्र वर-खाली हलतात. एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं जमिनीवरच राहतं, आणि चेसिसला पीळ बसत नाही. हे डिझाइन १९२३ च्या टात्रा ११ या मोटारीतलं, हान्स लेडविंका नावाच्या इंजिनिअरचं. इंजिन हवेनं थंड होणारं, त्यामुळं गोठायला पाणीच नाही. उभी असताना मोकळ्या टात्राची चाकं किंचित फाकलेली किंवा आत वळलेली दिसतात. लोकांना वाटतं ॲक्सल मोडलं. तसं नसतं.

पाणी

२०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. इथं इशारा पातळी ३९, धोका पातळी ४३. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, आणि लष्कराचे जवान होड्या घेऊन आलेले आपण सगळ्यांनी पाहिले. ट्रक पाण्यात किती जाऊ शकतो, हे उंचीवर ठरतं असं लोकांना वाटतं. खरं तर ते तीन गोष्टींवर ठरतं: हवा आत घेणारा पाइप कुठवर आहे, डिझेल टाकीचं आणि गिअरचं झाकण किती घट्ट आहे, आणि ॲक्सलचा ब्रीदर कुठं आहे.

ब्रीदर म्हणजे डिफ्रन्शियलच्या वरची बारीक नळी. चालून ॲक्सल तापलेलं असतं. ते गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि जिथून वाट मिळेल तिथून ओढून घेते. ब्रीदर पाण्याखाली असेल तर पाणीच आत ओढलं जातं. म्हणून लष्करी गाडीत त्या नळ्या वर, बॉडीच्या उंचीपर्यंत नेलेल्या असतात. हाताला लागतात, शोधा.

पुरानंतर माझ्याकडं आलेल्या ट्रॅक्टरांचं गिअरचं तेल दुधी झालेलं होतं. तुमचीही गाडी पाण्यातून निघाली असेल तर चालू करू नका. रात्रभर सपाट जागी उभी ठेवा, सकाळी ड्रेनचा बोल्ट अगदी थोडा सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाला बसलेलं असतं, आधी तेच येईल. नुसतं स्वच्छ तेल आलं तर बोल्ट परत आवळा. तेल दुधी असेल तर सगळं काढून नवीन भरा.

रात्रीच्या खुणा, चिलखत

मागं जाऊन मागच्या ॲक्सलचा गोळा बघा. त्यावर पांढरा रंग आणि वर झाकलेला छोटा दिवा असतो. ताफा अंधारात चालतो तेव्हा मागचा ड्रायव्हर त्या पांढऱ्या ठिपक्यामागं जातो, वरून विमानाला तो दिसत नाही. अमेरिकन ट्रकच्या टेललाइटमध्ये फटी असतात. मागचा साठ फुटांच्या आत आला की त्याला चार दिवे दिसतात, साठ ते १८० फुटांत दोन, त्यापलीकडं एक. दोन दिसत राहतील असं चालायचं.

चिलखताबद्दल थोडक्यात. सुरुंगाचा दणका बाजूला फेकणारा इंग्रजी व्हीच्या आकाराचा तळ दक्षिण आफ्रिकेनं सत्तरच्या दशकात बफेल आणि कॅस्पिरमध्ये आणला. इराकमध्ये २००३ नंतर अमेरिकन सैनिक मिळेल ते पत्रे ट्रकच्या दाराला वेल्ड करायचे. पुढं कॅबिनच अशा बनल्या की चिलखत बोल्टानं चढवता-उतरवता येईल. पण वजन पुढच्या ॲक्सलवर पडतं, म्हणून असा ट्रक तपासताना आधी पुढचे पाटे (स्प्रिंग), किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती खीळ) आणि ब्रेक बघा.

जुनी गाडी घ्यायची असेल तर

निर्लेखित, म्हणजे फौजेनं काढून टाकलेल्या, गाड्या एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून निघतात. इंजिन आणि चेसिस नंबर विक्रीपत्राशी स्वतः ताडून बघा, दुसऱ्यानं वाचलेल्यावर विसंबू नका. पासिंगआधी रंग बदलावा लागेल, कारण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१ वा नियम ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना ठेवतो. रंग खरवडायच्या आधी मात्र गाडीभोवती एक फेरी मारा. चाकाच्या कमानीवर टायरचा दाब आणि बॉडीवर भाराचा आकडा स्टेन्सिलनं लिहिलेला असतो. जुन्या गाडीचं पुस्तक सोबत मिळेलच असं नाही, म्हणून हे आकडे वहीत उतरवून घ्या आणि मगच पॉलिश पेपर हातात धरा.